पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : बांधकामे आणि हिशेब

देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात कोणत्याही गावी अहिल्याबाईंचे नाव आपोआप तोंडी येते. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ, जेजुरी ही नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. बाईंनी कोठे कोठे बांधले याची यादी पुष्कळांस पाठ असते. परंतु ते बांधले कसे, पैसा कोणत्या थैलीतून निघाला, शेकडो कोसांवरच्या कामावर नजर कशी राहिली आणि बाई गेल्यानंतरही त्या देवळांतून दिवा कसा लागत राहिला, हे फारसे सांगितले जात नाही. वास्तविक ज्याने पदरचा पैसा देवकार्यास दिला आणि ज्याने तो सांभाळला, त्या दोघांनाही याच गोष्टी अधिक जवळच्या आहेत.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून आज त्या जिल्ह्याचेच नाव अहिल्यानगर आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात त्यांनी मुलीला लिहावाचायला शिकविले. पाटलाच्या घरात गावचा वसूल, बलुत्यांचे देणे, देवळाचे उत्पन्न यांची बोलणी रोजचीच. मल्हारराव होळकर त्या बाजूने जात असता देवळात त्यांनी ही मुलगी पाहिली आणि सून म्हणून पसंत केली, अशी आख्यायिका सांगतात. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला.

होळकरांच्या घरी आल्यावर बाईंना दोन गुरू लाभले. एक सासरे मल्हारराव व दुसऱ्या सासूबाई गौतमाबाई. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लावून दिली होती. फौजफाट्यासाठी जी जमीन व वसूल तो दौलतीचा, आणि घरच्या बाईच्या स्वाधीन जे उत्पन्न ते खासगीचे. दोन्हींचे दप्तर निराळे, कारकून निराळे, तिजोरीही निराळी. अहिल्याबाईंच्या साऱ्या बांधकामांचे मूळ या वेगळ्या थैलीत आहे, म्हणून ही गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे.

१७५४ मध्ये भरतपूरजवळ कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. बाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा म्हाताऱ्या मल्हाररावांनी त्यांची विनवणी करून त्यांना परावृत्त केले. त्यानंतर त्यांनी सुनेला केवळ घरात बसवून ठेवले नाही. स्वतः ते वर्षातील बहुतेक काळ स्वारीवर; मागे वसूल गोळा करणे, रसद पाठविणे, पत्रव्यवहार राखणे ही कामे त्यांनी बाईंवर सोपविली. १७६५ मधले मल्हाररावांचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तोफखाना सज्ज ठेवावा, दारूगोळ्याचा होईल तितका साठा करावा आणि वाटेवर रक्षणासाठी चौक्या बसवाव्या, अशा सूचना बाईंना दिलेल्या आहेत. एका विधवा सुनेला असे पत्र लिहिले जाते, यातच सारे आले. माल किती, कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि वाटेत त्याची राखण कोण करणार, हा विचार बाई देवळांच्या कामाआधी तोफखान्यावर शिकल्या.

गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्या आणि खासगी सुनेकडे आली. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. नातू मालेराव गादीवर आला, तोही वर्षभरातच, १७६७ मध्ये, गेला. नवरा, सासरा आणि पोटचा एकुलता मुलगा असे तिन्ही आधार तुटले. दरबारातील काहींनी दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा घाट घातला आणि राघोबादादा फौजेनिशी माळव्याकडे निघाले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी इतर सरदारांना पत्रे धाडली, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि लढाईची तयारीही केली. पेशव्यांनी बाईंचा हक्क मानला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलखाचा कारभार बाईंकडे, अशी वाटणी ठरली. बाईंनी नर्मदेकाठी महेश्वर येथे राजधानी केली व पुढची अठ्ठावीस वर्षे तेथूनच राज्य केले.

घराण्याच्या संचित द्रव्याविषयी एक हकीकत प्रसिद्ध आहे. बाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवून, गंगोदक सोडून, ते सारे धर्मकार्यास अर्पण केले. पुढे राघोबादादांनी राज्याच्या अडचणीसाठी त्यातून रक्कम मागितली, तेव्हा हे द्रव्य संकल्प सोडलेले आहे, ब्राह्मण या नात्याने दान म्हणून मंत्रपूर्वक घ्यावयाचे असल्यास घ्यावे, असा निरोप बाईंनी पाठविला. दादांना ते कसे रुचावे? ही गोष्ट चातुर्याची म्हणून नेहमी सांगितली जाते. पण त्यात चातुर्यापेक्षा कायदा अधिक आहे. एकदा देवाच्या नावे लिहिलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा नाही, मग मागणारा कितीही मोठा असो, आणि देणारी स्वतः राज्याची मालकीण असो.

बाईंचा दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात बाईंच्या पदरी राहिलेल्या माणसांना विचारून १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. पहाटे सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग भोजन. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि सूर्यास्तापर्यंत कामकाज चाले. सायंपूजा व फराळ झाल्यावर रात्री नवाच्या सुमारास पुन्हा काम, ते अकरापर्यंत. सामान्य रयतेची फिर्यादही त्या स्वतः ऐकत. कारभारी वारंवार बदलण्याची त्यांना सवय नव्हती. माणूस पारखून नेमावा आणि नेमल्यावर त्याला राहू द्यावे, म्हणजे त्याला कामाची आणि कामाला त्याची ओळख राहते.

या सर्वांत दूरदेशीची बांधकामे कशी चालत? महेश्वराहून काशी, गया, रामेश्वर, केदारनाथ ही ठिकाणे महिन्यांच्या वाटेवर. त्यांपैकी बहुतेक कामांवर बाईंनी कधी पाऊल ठेवले नाही. सारे काही माणूस आणि कागद यांच्यावर अवलंबून. त्या काळची रीत अशी की कामाच्या ठिकाणी आपला विश्वासू कारकून बसवायचा, रक्कम पेढीवरच्या हुंडीने पोचवायची, गवंडी, पाथरवट, सुतार, बेलदार यांची हजेरी आणि रोज, दगड, चुना, लाकूड, लोखंड यांची आवक हे सर्व मोडीत रोजकीर्दीला चढवायचे आणि त्याचा तपशील हुजुरात धाडायचा. दोन पत्रांच्या मध्ये महिना-दीड महिना जाई. एवढ्या अवधीत काम थांबले तर मजूर पांगतात, आणि निगराणी सुटली तर चुन्यात माती जास्त होते. ज्याने कधी साधी ओसरी बांधून घेतली आहे, त्याला ही धास्ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

गयेच्या विष्णुपद मंदिराचे काम यादृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. फल्गू नदीच्या काठी खडकावर उमटलेल्या विष्णुपदाभोवती हे मंदिर उभे आहे. उंची सुमारे १०० फूट, घडण अष्टकोनी, मोठमोठे करडे दगड लोखंडी पट्ट्यांनी सांधलेले. बाईंनी प्रथम आपले अधिकारी पाठवून भोवतालच्या मुलखातला दगड तपासून घेतला. मुंगेरकडचा काळा दगड सर्वांत चांगला ठरला. पण तेथून गयेस नीट रस्ता नव्हता आणि अंतरही फार. चांगला म्हणून तोच हवा असा हट्ट धरला असता तर वाहतुकीतच पैसा संपला असता. तेव्हा अधिकाऱ्यांनी पुन्हा शोध करून गयेपासून काही कोसांवर दुसरा डोंगर धुंडाळला, जेथला दगड काढता व आणता येण्याजोगा होता. राजस्थानातून, जयपूरच्या बाजूचे, मूर्तिकार व पाथरवट आणवले. त्यांनी डोंगराच्या पायथ्याशीच बसून दगड घडवला आणि घडलेला दगड गयेस नेऊन तेथे देऊळ जुळविले.

यातली सोय उघड आहे. अनघड दगडाचे निम्मे वजन म्हणजे टाकाऊ कपच्या. त्या गाडीभाड्याने गयेपर्यंत वाहून नेण्यात काय हशील? मात्र दगड एकीकडे घडवायचा व दुसरीकडे बसवायचा म्हणजे प्रत्येक थराचे, खांबाचे, तुळईचे माप दोन्ही ठिकाणी एकच असले पाहिजे. एक दगड दोन बोटे कमी निघाला तर तो परत डोंगराशी जातो आणि मागचे सारे अडते. असे काम आठवणीवर चालत नाही, मापाची नोंद राखणारा माणूस दोन्ही टोकांना लागतो. मंदिर १७८७ मध्ये पुरे झाले. कारागिरांपैकी बरेच आपल्या मुलखी परतले, काही मात्र त्या डोंगरापाशीच राहिले. त्या वस्तीला पत्थरकट्टी म्हणतात आणि त्यांचे वंशज तेथे अजून मूर्ती घडवितात. देऊळ बांधताना एक गाव वसले, ही गोष्ट बाईंच्या चरित्रात सहसा येत नाही, पण यावयास हवी.

काशीचे काम निराळ्या प्रकारे अवघड होते. विश्वेश्वराचे जुने मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले होते. ते पुन्हा उभारावे ही मल्हाररावांची इच्छा त्यांच्या हयातीत सिद्धीस गेली नाही. बाईंनी वादाच्या जागेचा आग्रह न धरता शेजारच्या जागेवर, दाट वस्तीच्या अरुंद गल्लीत, नवे मंदिर बांधले. ते १७८० च्या सुमारास पुरे झाले. पुढे पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी शिखरासाठी सोने दिले, ते लोकांच्या डोळ्यांत भरते. पण सोने ज्यावर चढले ते शिखर बाईंचे. २०२१ मध्ये मंदिराभोवतालचा परिसर मोकळा करून नवे विस्तीर्ण आवार झाले, त्यात बाईंचा पुतळा बसविण्यात आला आहे. गंगेवरचा मणिकर्णिका घाट बाईंनी पुन्हा बांधला, आणि काशीतलाच आणखी एक घाट त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नदीकाठचा घाट बांधणे हे देवळाहूनही जोखमीचे. पाणी उतरल्यावर जे चार-सहा महिने मिळतात तेवढ्यातच पाया व खालच्या पायऱ्या व्हायला हव्यात. एक हंगाम चुकला की वर्ष गेले, आणि अर्धवट राहिलेले काम पुराच्या तोंडी.

सोमनाथासही बाईंनी असाच व्यवहार पाहिला. भग्न मंदिराच्या जवळ १७८३ मध्ये नवे देऊळ बांधले आणि पुन्हा आघात होऊ नये म्हणून शिवलिंग तळघरात, जमिनीच्या पातळीखाली, स्थापिले. आजचे भव्य सोमनाथ मंदिर स्वातंत्र्यानंतरचे आहे, तथापि बाईंचे देऊळ अद्याप पूजेत आहे.

सारीच कामे देवळांची नव्हती. महेश्वराहून विंध्य चढून माळव्याच्या पठारावर जाणारी जाम घाटाची वाट जवळजवळ उभ्या कड्याची. तेथे बाईंनी मोठा खर्च करून रस्ता केला. घाटमाथ्यावरची १७९१ ची दगडी वेस आजही उभी आहे. त्या डोंगरांतून भिल्लांचा उपद्रव होई. बाईंनी काहींचा बंदोबस्त केला, आणि वाटेवरच्या मालावर हलकी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून त्याच्या मोबदल्यात वाटसरूंच्या जीविताची व मालाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. केदारनाथच्या वाटेवर धर्मशाळा व कुंड, उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया, थंडीत गरिबांना वस्त्रे हीही कामे त्याच खासगीतून चालत. स्वतःचा वाडा मात्र महेश्वरच्या किल्ल्यात लाकडी खांबांचा, साधासुधा. नर्मदेचा घाट पाहून आलेला यात्रेकरू तो वाडा पाहतो तेव्हा राज्यकर्तीचे घर हेच का, असे त्याला क्षणभर वाटते.

बाईंच्या या खर्चावर त्यांच्या हयातीतच नाराजी होती आणि पुढे काही इतिहासकारांनीही आक्षेप घेतला. तुकोजी उत्तरेत व दक्षिणेत फौजेसह फिरत. शिपायांचा पगार थकला की महेश्वरास पत्र येई. बाई हिशेब मागत, दौलतीचा वसूल कोठे गेला ते विचारीत आणि खासगीला हात लावू देत नसत. यावरून दोघांत पुष्कळ वेळा वितुष्ट आले. १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे होळकरांच्या फौजेचा मोड झाला. तेव्हा देवळांतला पैसा तोफांत घातला असता तर बरे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण फौजेसाठी दौलतीचा वसूल तोडून दिलेला होता आणि त्याचा जमाखर्च तुकोजींकडून नीट येत नसे, हीही बाजू आहे. ज्या तोफा ओतल्या गेल्या त्या कोणाच्या ताब्यात गेल्या हे इतिहासात दिसते. ज्या पायऱ्या बांधल्या त्यांवरून लोक अजून स्नानाला उतरतात.

देऊळ बांधून कळस चढला म्हणजे काम संपले, असे बाईंनी मानले नाही. पूजा, नैवेद्य, नंदादीप, पुजारी, झाडलोट यांसाठी ठिकठिकाणी सालीना नेमणुका बांधून दिल्या व त्या खासगीच्या उत्पन्नावर टाकल्या. दूरदूरच्या देवस्थानांना दरवर्षी गंगोदकाच्या कावडी पोचविण्याची व्यवस्था केली. बांधण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा दरसाल. पुष्कळ दात्यांना पहिलाच दिसतो. बाईंच्या जमाखर्चात दोन्ही होते.

त्यांची कीर्ती ऐकून एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक पापी, दुबळी बाई आहोत असे म्हणून ग्रंथ नर्मदेत टाकविला आणि कर्त्याची पुन्हा विचारपूस केली नाही. बिचाऱ्याचे श्रम वाया गेले खरे. परंतु स्तुतीचे कागद नदीत गेले आणि दरबाराचे कागद दप्तरात राहिले, हे इतिहासाच्या दृष्टीने बरेच झाले. महेश्वराहून पुण्यास जाणारी वृत्ते पुढे द. ब. पारसनीस यांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने प्रसिद्ध केली. होळकर दप्तरातील इतर मोडी कागदही विसाव्या शतकात छापून आले.

अखेरची वर्षे फार दुःखाची गेली. मुलगी मुक्ताबाई हिचा मुलगा तरुणपणीच वारला. त्यापाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने पायां पडून विनविले, पण ती ऐकेना. ज्या बाईंना सासऱ्याने चितेवरून परत फिरविले होते त्यांना आपल्या लेकीला परत फिरविता आले नाही. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि लेक-जावयाच्या स्मरणार्थ महेश्वरी छत्री बांधावयास सांगितली. हे काम मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर झाले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे बाईंनी देह ठेवला. दोन वर्षांनी तुकोजीही गेले. नंतर घरात भाऊबंदकी माजली, माळव्यात पेंढाऱ्यांचा धुमाकूळ झाला आणि संचित द्रव्य राहिले नाही. पण खासगी ही वेगळी बाब दप्तरात टिकली. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन होताना खासगीच्या धर्मादायासाठी दरसाल तीन लाखांच्या आतबाहेरची रक्कम सरकारने कायमची बांधून दिली. १९६२ मध्ये बाईंच्या नावे खासगी न्यास स्थापन झाला. त्याच्या यादीत देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, कुंड, बागा मिळून दोनशेहून अधिक मालमत्ता आल्या, देशभर विखुरलेल्या. त्या मालमत्ता कोणाच्या आणि त्यांचा हिशेब कोणी कोणाला द्यावा, हा वाद न्यायालयात गेला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची कायद्याप्रमाणे नोंदणी झाली पाहिजे व त्याचे व्यवहार तपासणीस खुले राहिले पाहिजेत.